स्मृती आणि प्रत्यभिज्ञा : व्हिडिओ गेमच्या प्रथम परिचयाची कथने

बालपणाच्या आठवणी हा आत्मचरित्राचा सर्वांत लोभसवाणा भाग असतो, आणि पुष्कळदा सर्वांत कमी तपासला जाणाराही. लेखक तो सवलतीने लिहितो आणि वाचक सवलतीने वाचतो. पहिली शाळा, घरातला पहिला मृत्यू, पहिले नाटक, आगगाडीचा पहिला प्रवास हे त्यातले ठरलेले मुक्काम. गेल्या चाळीस वर्षांत इंग्रजी वाङ्मयात या मुक्कामांत एकाची भर पडली आहे. ती म्हणजे व्हिडिओ गेमशी पडलेली पहिली गाठ. यात नवल काही नाही. अटारी कंपनीचा 'पाँग' १९७२ साली आला, जपानातील तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ साली. हे खेळ आणि त्यांची पुढची भावंडे ज्यांच्या बालपणी घराघरांत शिरली, त्या पिढीला आता मागे वळून पाहण्याचे वय आले आहे.

या लेखनाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक समाजशास्त्राची : करमणुकीच्या धंद्याचा किंवा मध्यमवर्गीय घरातील बदलांचा दस्तऐवज म्हणून ते वाचावयाचे. दुसरी उपेक्षेची : हे स्मरणरंजन आहे, असे म्हणून बाजूस ठेवावयाचे. दोहींतही वाङ्मयीन प्रश्न विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. प्रथम परिचय सांगणाऱ्या लेखनात नेमके आठवलेले काय असते? खेळ आठवलेला असतो, की खेळाविषयी मागाहून झालेले ज्ञान? हा प्रश्न दिसतो तेवढा परदेशी नाही आणि निरुपद्रवीही नाही. ज्यांचे बालपण अशाच पडद्यासमोर गेले ते विद्यार्थी आज आपल्या पदव्युत्तर वर्गांत बसलेले आहेत. उद्या त्यांतले काहीजण लिहितील. त्यांच्या लेखनाला कोणत्या कसोट्या लावावयाच्या याचा विचार आपण केला नाही, तर बाजाराने तयार केलेल्या कसोट्या आपोआप लागू होतील.

विवेचनासाठी एक भेद नैयायिकांकडून उसना घेतो. अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त स्मृतीची व्याख्या करताना, केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान ती स्मृती, असे म्हटले आहे. यातला 'केवळ' हा शब्द कळीचा आहे. तो नसता तर प्रत्यभिज्ञाही स्मृतीतच मोडली असती. प्रत्यभिज्ञा म्हणजे ओळख पटणे. 'तो हा देवदत्त' असे म्हणणे. तिच्यात पूर्वसंस्कार असतोच, परंतु त्याच्या जोडीला देवदत्त प्रत्यक्ष समोर उभाही असतो. स्मृतीला असा कोणताही आधार नाही. जे समोर नाही तेच तिला पुन्हा उभे करावे लागते. 'शाकुंतला'त हा भेद किती सहजपणे आला आहे पाहा. अंगठी ओळखली जाते, शकुंतला आठवते. आणि सहाव्या अंकात दुष्यंत चित्र काढीत असता त्यात काय काय काढावयाचे राहिले आहे हे सांगू लागतो, तेव्हा आठवणीचे खरे काम सुरू होते. नैयायिकांचा हेतू प्रमाणविचाराचा होता, वाङ्मयविचाराचा नव्हे, एवढे भान ठेवून हा भेद येथे वापरावयास हरकत नसावी.

व्हिडिओ गेमच्या आठवणीत या भेदाला एक विशेष धार येते. नाटकाचा पहिला प्रयोग मूल एकदाच पाहते. पुढे दुसरी नाटके पाहते, पण तो प्रयोग निराळाच राहतो. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो मुळातच पुनरावृत्तीवर उभा आहे. मरावयाचे आणि पुन्हा आरंभापासून सुरू करावयाचे, हीच त्याची रीत. तोच खंदक, तीच उडी, तोच शत्रू त्याच क्षणी त्याच बाजूने येणार. आणि हे सारे हाताला पाठ होईपर्यंत खेळाडू थांबत नाही. म्हणजे पहिल्या भेटीवर पुढच्या शेकडो भेटींचे थर चढतात. ज्याला खेळ उत्तम येतो त्याला पहिली भेट आठवणे सर्वांत कठीण. भरताने अद्भुतरसाच्या विभावांत माया आणि इंद्रजाल यांची गणना केली आहे, आणि पडद्यावरचे चित्र आपल्या बोटाच्या हुकमात आले हे पाहणाऱ्या मुलाचा अनुभव त्या गणनेत निःशंकपणे बसेल. विस्मय हा अद्भुताचा स्थायी भाव. शास्त्रात स्थायी खरा, परंतु व्यवहारात त्याच्याइतका अल्पायुषी भाव दुसरा नाही. खेळ समजला की तो गेला. मग तो आठवावयाचा कसा? खेळ न समजण्याची अवस्था पुन्हा उभी करणे, हाच त्याला एक मार्ग दिसतो. या प्रकारच्या लेखनाचे यशापयश मी या एका गोष्टीवर मोजू इच्छितो : मुलाचे अज्ञान लेखकाला कितपत आठवते?

या दृष्टीने सर्वांत गाजलेले पुस्तक सर्वांत निराश करते. अर्नेस्ट क्लाइन यांची 'रेडी प्लेअर वन' ही कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली आणि २०१८ साली स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी तिच्यावर चित्रपट काढला. (याच स्पिलबर्ग यांनी १९८२ साली मार्टिन एमिस यांच्या 'इन्व्हेजन ऑफ द स्पेस इन्व्हेडर्स' या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती, म्हणजे या विषयाच्या दोन्ही टोकांना त्यांचा हात लागला आहे.) कादंबरीचा काळ एकविसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातला. एक अब्जाधीश मृत्यूपूर्वी एक कोडे मागे ठेवून जातो; ते सोडवील त्याला त्याची संपत्ती मिळावयाची. कोड्याच्या किल्ल्या त्या गृहस्थाच्या स्वतःच्या बालपणात, म्हणजे १९८० च्या दशकातल्या खेळांत, चित्रपटांत आणि गाण्यांत लपविलेल्या आहेत. नायक हा त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला मुलगा. त्याने ते दशक जगलेले नाही, त्याचा अभ्यास केलेला आहे. दुसऱ्याचे बालपण परीक्षेच्या तयारीसारखे घोकून तो जिंकतो.

कल्पना चतुर आहे आणि तिच्यातून एक भेदक उपरोध निघू शकला असता. तो क्लाइन यांना हवा आहे असे दिसत नाही. पानोपानी खेळांची, यंत्रांची, कंपन्यांची नावे येतात. नाव आले की जाणत्या वाचकाने सुखावून मान डोलवावी अशी अपेक्षा असते. ही निखळ प्रत्यभिज्ञा आहे. देवदत्त समोर उभा केला जातो आणि 'तो हा' असे वाचकाने म्हणावयाचे असते. ज्याला देवदत्त पूर्वी भेटला नव्हता त्याच्यासाठी त्या पानावर काहीच घडत नाही. ओळखीत आनंद असतो हे मी नाकारीत नाही. अनुकृतीच्या आनंदाचे मूळ 'हे ते आहे' असे उमगण्यात ॲरिस्टॉटलने पाहिलेच आहे. परंतु त्याने त्या उमगण्याला शिकण्याशी जोडले होते. येथे शिकणे नाही. जे ठाऊक होते त्याची पोच मिळते इतकेच. आणि खेळाचे प्रथमदर्शन तर येथे असूच शकत नाही, कारण नायक प्रत्येक खेळाला भेटण्यापूर्वी त्याची माहिती वाचून आलेला आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मायकेल क्लून यांचे 'गेमलाइफ' (२०१५) हे आत्मकथन उभे आहे. क्लून हे इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या उपनगरी भागात १९८० च्या दशकात गेलेले आपले बालपण त्यांनी सात संगणकीय खेळांच्या आधारे सांगितले आहे. प्रत्येक प्रकरणाला एक खेळ. आरंभ होतो सातव्या वर्षी, 'सस्पेंडेड' नावाच्या खेळापासून. फ्लॉपी यंत्रात जाते, घरघर ऐकू येते, आणि पडद्यावर जागे झाल्याची वार्ता देणारे एक वाक्य उमटते. त्याच्याखाली उघडमीट करणारा कर्सर. बस्स, एवढेच. चित्र नाही, रंग नाही, धावणारी आकृती नाही.

हा खेळ कोणता होता हे थोडे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे, कारण क्लून यांच्या पुस्तकाची सारी दिशा तेथे ठरते. इन्फोकॉम या कंपनीने १९८३ साली काढलेला, मायकेल बर्लिन यांनी रचलेला हा संपूर्णपणे शब्दांचा खेळ. खेळणारा माणूस एका भूमिगत केंद्रात गोठवून ठेवलेला आहे. वरच्या ग्रहावरील हवामान, अन्न आणि वाहतूक यांची यंत्रणा या केंद्रातून चालते. ती बिघडली आहे आणि जितका विलंब होईल तितकी माणसे वर मरत आहेत. शेवटी गुण मिळतात ते मेलेल्यांच्या संख्येवरून. खेळाडूला स्वतः हलता येत नाही. त्याच्या आज्ञेत सहा यंत्रमानव आहेत आणि प्रत्येकाला जगाचा एकेकच पैलू कळतो. ऑडा ऐकते, सेन्साला कंपने व चुंबकीय हालचाली जाणवतात, वाल्डो चाचपतो आणि जोडणी करतो, व्हिझ ग्रंथालयाच्या संगणकाशी बोलतो, पोएटला विजेचे प्रवाह कळतात, आणि तो नावाला जागून कोड्यात बोलतो. पाहणारी एकटी आयरिस, आणि तिची दृष्टी आरंभी बिघडलेली! एकाच खोलीचे वर्णन सहाजण सहा प्रकारे करतात आणि त्यांतून खोली कशी असेल हे खेळाडूने ताडावयाचे. पहिल्या आवृत्तीच्या खोक्यावर एक पांढरा प्लॅस्टिकचा मुखवटाच बसविलेला होता, आणि आत यंत्रमानवांच्या जागा दाखविण्यासाठी नकाशा व सोंगट्या होत्या.

सात वर्षांच्या मुलाला हे सारे कळणे शक्य नाही. क्लून यांचे सामर्थ्य असे की, कळले असल्याचा आव ते आणीत नाहीत. खेळाचा उलगडा करून देण्याऐवजी त्या खेळाने मुलाच्या मनात जे घर केले त्याकडे ते पाहतात. गोठलेला, अंध, दुसऱ्यांच्या इंद्रियांवर विसंबलेला आणि तरीही सर्वांच्या प्राणांना जबाबदार असा तो खेळाडू आणि मोठ्यांच्या घरात वावरणारे मूल यांतले साम्य कोणाच्याही लक्षात येईल. कमी कसाचा लेखक ते साम्य दाखवून मोकळा झाला असता. क्लून यांनी याहून अवघड गोष्ट साधली आहे. खेळ हे जीवनाचे रूपक आहे, अशी त्यांची भूमिका नाही. जी काही गोष्ट माणसांकडून शिकता येत नाही ती खेळाने शिकविली, अशी आहे. चाच्यांच्या एका खेळातून शाळेच्या भोजनगृहातले राजकारण उलगडू लागते. आईवडिलांचा घटस्फोट झाला त्या वर्षी अंतराळयान चालविण्याचा एक खेळ हाती येतो आणि वास्तवाला भोक पडते. यांत खेळ आधी येतो आणि जीवन त्याच्या उजेडात दिसते. आपल्या नेहमीच्या अपेक्षेचा क्रम येथे उलटा झालेला आहे. मुलाच्या दृष्टीने तोच क्रम खरा होता, आणि प्रौढ लेखकाने तो दुरुस्त केलेला नाही.

हा केवळ स्वभावाचा भाग नव्हे. त्यामागे विचार आहे. 'गेमलाइफ'च्या दोनच वर्षे आधी, २०१३ साली, क्लून यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. 'रायटिंग अगेन्स्ट टाइम' हा समीक्षाग्रंथ. सवयीने संवेदना बोथट होते आणि साहित्य तिचे नवेपण टिकवून धरण्याची धडपड करते, हा त्याचा विषय. १९१७ साली श्क्लोव्हस्कीने मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या विचाराशी त्याचे नाते उघड आहे. दुसरे पुस्तक 'व्हाइट आउट' हे स्वतःच्या हेरॉइनच्या व्यसनाचे आत्मकथन. व्यसन हा स्मृतीचा रोग आहे, पहिल्या वेळेची आठवण कधी जुनीच होत नाही, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. ही पुस्तके शेजारी ठेवून 'खेळ हेही एक व्यसनच' असा सवंग निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, तो टाळावा. तिन्हींतून एकच प्रश्न वाहतो आहे : पहिली वेळ पहिली म्हणून कशी राहते? व्यसनी माणसात ती रोगाने राहते, कलाकृतीत रचनेने राहते. आणि बालपणात ती रोगाशिवाय व रचनेशिवाय काही काळ राहिलेली असते. म्हणून त्या काळाकडे जावयाचे. पुनरावृत्तीवर उभा असलेला खेळ आणि प्रथमत्वाचा शोध यांतला जो विरोध वर सांगितला, तो क्लून यांनी चुकविलेला नाही. तो त्यांचा विषयच आहे.

पुस्तक निर्दोष आहे असे नाही. मुलांच्या तोंडची संभाषणे अनेकदा इतकी नेमकी आणि तात्त्विक होतात की त्यांमागून प्राध्यापकाचा आवाज ऐकू येतो. जेथे मूल गोंधळलेले असावयास हवे तेथे ते सूत्रे सांगू लागते. अशा जागी अज्ञानाची आठवण सुटते आणि अज्ञानाविषयीचा सिद्धान्त उरतो. परंतु हा दोष क्लाइन यांच्या दोषाच्या जातीचा नाही. तेथे वस्तू फार आहेत, येथे अर्थ किंचित जास्त झाला आहे.

तुलनेसाठी एक प्रौढ खेळाडू घेऊ. डेव्हिड सडनाउ हे समाजशास्त्रज्ञ आणि हौशीपेक्षा पुष्कळच पुढे गेलेले पियानोवादक. जॅझ वाजवावयास शिकताना हात कसे शिकतात याचे बारीक वर्णन त्यांनी 'वेज ऑफ द हँड' (१९७८) या पुस्तकात केले होते. त्यानंतर 'पिल्ग्रिम इन द मायक्रोवर्ल्ड' (१९८३) मध्ये ते तीच दृष्टी घेऊन घरगुती यंत्रावरच्या 'ब्रेकआउट' या खेळाकडे वळले. खेळ अगदी साधा : खाली एक फळी, वर विटांची भिंत, मध्ये उसळणारा चेंडू, गोल खुंटी फिरवून फळी सरकवावयाची आणि भिंत फोडावयाची. या एवढ्याशा गोष्टीवर एक विद्वान माणूस अख्खे पुस्तक लिहितो, आणि ते कंटाळवाणे होत नाही! बोट, खुंटी, फळी आणि चेंडू यांच्यातले अंतर केव्हा नाहीसे होते, नजर चेंडूवर असावी की चेंडू जाणार त्या जागी, हे तो इतक्या सूक्ष्मपणे सांगतो की या माध्यमातील हाताच्या अनुभवाचे त्याहून चांगले वर्णन माझ्या वाचनात नाही. तथापि प्रथम परिचयाचे वाङ्मय म्हणून ते पुस्तक एका मर्यादेपलीकडे जात नाही. सडनाउ पहिल्या दिवसापासून स्वतःकडे पाहत आहेत. त्यांना पियानो येतो. नव्या वस्तूला ते जुन्या विद्येने तोलतात. मुलाकडे तोलावयास दुसरे काहीच नसते.

गॅब्रिएल झेविन यांच्या 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२) या कादंबरीत बालपणातील खेळाला फार थोडी पाने मिळाली आहेत, पण या चर्चेत त्या पानांना टाळता येणार नाही. लॉस एंजेलिसमधील एका रुग्णालयात, मुलांच्या खेळाच्या खोलीत, सॅम आणि सेडी यांची भेट होते. मोटारीच्या अपघातात सॅमच्या पायाचा चुराडा झाला आहे आणि कित्येक आठवडे तो कोणाशी बोललेला नाही. सेडीची बहीण त्याच रुग्णालयात आहे. तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळत असतो. पातळीच्या शेवटी असलेल्या ध्वजस्तंभाच्या अगदी टोकावर उडी कशी मारावी यावरून बोलणे सुरू होते. पुढे महिनेच्या महिने ती दोघे खेळत राहतात. सेडी मात्र या भेटींचे तास समाजसेवा म्हणून लिहून ठेवीत असते; ते भरतात सहाशे नऊ. हे सॅमला कळते तेव्हा मैत्री तुटते, ती १९९५ साली दोघे विद्यार्थी म्हणून पुन्हा भेटेपर्यंत.

येथे एक वेगळाच प्रकार घडला आहे. मागाहून आलेले ज्ञान क्लाइन यांच्या कादंबरीत आठवणीच्या जागी येऊन बसते. झेविन यांच्याकडे ते आठवणीत शिरते आणि तिला आतून बदलते. तास मोजले जात होते हे कळल्यावर सॅमला ती दुपार पूर्वीसारखी आठवणे अशक्य आहे. खेळ तोच, उडी तीच, शेजारी बसलेली मुलगी तीच. सेडी खोटे वागत होती असेही नाही. मैत्री खरी होती आणि नोंदही खरी होती. कादंबरीचा उरलेला मोठा भाग या जखमेच्या मानाने मला सैल वाटतो. परंतु या आरंभीच्या प्रसंगात लेखिकेने आठवणीची असुरक्षितता एका आकड्यात पकडली आहे, हे मान्य केले पाहिजे.

आतापर्यंत आठवण खेळणाऱ्याची होती. खेळ ज्याने घडविला त्याच्याही बालपणाचा येथे संबंध येतो. 'मारिओ'चे कर्ते शिगेरु मियामोतो यांनी आपल्या लहानपणीची एक गोष्ट वेळोवेळी सांगितली आहे. क्योतोजवळच्या सोनोबे या गावी डोंगरांतून हिंडताना त्यांना एक गुहा सापडली आणि ते कंदील घेऊन आत शिरले. १९८६ साली त्यांचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' आला. त्याच्या अगदी पहिल्याच पडद्यावर गुहेचे काळे तोंड आहे. आत गेले तर एक म्हातारा तरवार देतो. न जाता पुढे गेले तरी खेळ अडवीत नाही. 'पोकेमॉन'चे (१९९६) कर्ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडून जमवीत, आणि त्यांचा खेळ त्या छंदातूनच निघाला. म्हणजे जगभरच्या मुलांना पहिल्यांदा जे सापडले ते वस्तुतः दुसऱ्या कोणाचे तरी पहिल्यांदा सापडणे होते. त्यांना ते माहीत नव्हते. माहीत असण्याची गरजही नव्हती.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो येथे. निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र जपानात १९८३ साली आले. त्याच्या नकला तैवानात आणि चीनमध्ये तयार होऊन नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत पोहोचल्या. यंत्राला नाव असेच तर ते मूळ कंपनीचे नसे. खेळाच्या डबीला मुले 'कॅसेट' म्हणत, कारण टेपरेकॉर्डरमुळे तो शब्द घरात आधीच होता. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारावयाची, हा उपाय कोणी शिकविला हे कोणालाच सांगता येणार नाही. तिच्यावर हजारांत किंवा लाखांत आकडा छापलेला असे; आत खेळ मोजकेच, आणि तेच खेळ निराळ्या नावांनी, निराळ्या पातळ्यांपासून पुन्हा पुन्हा दिलेले.

ज्या पडद्यावर हे चाले त्याचा इतिहासही विसरता येत नाही. दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले. १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिका चालू असताना त्या संचाला हार घालून लोकांनी हात जोडल्याच्या हकिकती सर्वांना परिचित आहेत. म्हणजे पडदा ही आपल्याकडे समोर बसून, आणि बहुधा अनेकांनी मिळून, पाहण्याची वस्तू होती. तिला आज्ञा करण्याची नव्हे. त्याच पडद्यावरचे चित्र आपल्या अंगठ्याने हलू लागावे, यातला विस्मय अमेरिकन उपनगरातील मुलाच्या विस्मयाहून निराळ्या जातीचा असणार. एका दुपारी त्या संचाचा मान हातात आला, असे त्याचे वर्णन करता येईल.

'बॅटल सिटी' हा नाम्को कंपनीचा १९८५ सालचा खेळ घ्या. अनेकांना तो 'टँकचा गेम' म्हणूनच ठाऊक आहे. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक गरुडचिन्ह. ते शत्रूच्या रणगाड्यांपासून राखावयाचे. आरंभीच्या यादीत एक खेळाडू, दोन खेळाडू आणि तिसरा एक इंग्रजी शब्द. तो शब्द लावता न येणाऱ्या मुलाने तो चुकून निवडला की समोर रिकामे मैदान येई, आणि विटा, पाणी, झाडी, पोलाद हवे तेथे ठेवता येई. खेळ खेळता खेळता तो बांधताही येतो, हा शोध असा अपघाताने लागावयाचा. आणि आणखी एक : आपलाच गोळा आपल्या गरुडाला लागला तरीही खेळ संपतो. हा नियम कोठे सांगितलेला नसे. शेजारी दुसऱ्या रणगाड्याची कळ धरून बसलेल्या भावाच्या किंवा मित्राच्या तोंडावरून तो कळे.

या अनुभवाला मराठीत आकार देणाऱ्या लेखकापुढे दोन वाटा आहेत, आणि त्यांतली सोपी आता फार सोपी झाली आहे. कोणत्याही खेळाचे मूळ नाव, कंपनी, वर्ष, कर्त्याची मुलाखत हे सारे आज क्षणात सापडते. जुना खेळ पुन्हा खेळूनही पाहता येतो. 'तो हा टँकचा गेम' अशी ओळख पटते आणि मोठा आनंद होतो. पण ही अंगठी सापडलेली आहे. चित्र अजून काढावयाचे राहिले आहे : नाव नसलेली कॅसेट, न लागणारा शब्द, कारण न कळता संपलेला डाव, आणि उन्हाळ्याच्या सुटीत एकाच यंत्राभोवती दाटी करून आपली पाळी येण्याची वाट पाहणारी चार मुले. इंग्रजीतल्या मुलापेक्षा मराठीतल्या मुलाचे अज्ञान अधिक खोल होते. कारण खेळाची भाषा त्याची नव्हती, कर्ता त्याला ठाऊक नव्हता, आणि पुढ्यातली वस्तूही अस्सल नव्हती. समाजशास्त्रज्ञ याला वंचना म्हणेल. लेखकाच्या दृष्टीने ते भांडवल आहे, आणि क्लून यांना ते एवढ्या प्रमाणात उपलब्ध नव्हते.

यातून संपादनाची एक अडचण उद्भवते, आणि आपल्या विभागात ती लवकरच समोर येईल. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या लेखात 'टँकचा गेम' असे लिहिले, तर मार्गदर्शकाची पेन्सिल समासात 'नाव?' असे लिहिण्यास सरसावेल. संशोधनाची शिस्त तशीच आहे आणि ती योग्य आहे. तेव्हा 'बॅटल सिटी, नाम्को, १९८५' हे तळटिपेत द्यावे; मजकुरात 'टँकचा गेम' तसाच राहू द्यावा.